सेलमच्या पाद्र्याची हद्दपारी, १६३५

९ ऑक्टोबर १६३५ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या जनरल कोर्टानं, म्हणजे कायदेमंडळ आणि न्यायालय दोन्ही असलेल्या सभेनं, सेलम गावचा पाद्री रॉजर विल्यम्स याला सहा आठवड्यांत वसाहतीची हद्द सोडून जाण्याचा हुकूम दिला. कोर्ट भरलं होतं न्यूटाउनला, म्हणजे आजच्या केंब्रिजमध्ये. निकालपत्रात कारण दिलं होतं ते असं, की या माणसानं अधिकाऱ्यांच्या अधिकाराविरुद्ध नवी आणि घातक मतं पसरवली आणि ती मागे घ्यायला तो तयार नाही. विल्यम्सनं तिशी नुकतीच ओलांडली होती. बायको मेरी गरोदर होती, दिवस भरत आले होते. त्याच महिन्यात तिला मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी फ्रीबॉर्न ठेवलं, म्हणजे जन्मानंच मुक्त.

हुकूम काढणारे लोक स्वतः धर्मापायी देश सोडून आलेले होते. शाळेच्या इतिहासात आपण एक ओळ वाचलेली असते: इंग्लंडमध्ये छळ झालेले लोक धार्मिक स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेले. ती ओळ खोटी नाही, पण तिच्यातला 'स्वातंत्र्य' हा शब्द आपण आपल्या अर्थानं वाचतो आणि तिथेच घोटाळा होतो. तो शब्द त्या लोकांच्या तोंडी काय होता आणि आजचा अर्थ त्याला कुठून आला, हे या एका खटल्यात जितकं उघड दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

आधी माणसं नीट ओळखून घेऊ. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ प्रवासी प्लिमथला उतरले. त्यांच्यातले धर्मासाठी आलेले लोक इंग्लंडच्या चर्चपासून पूर्ण फारकत घेतलेले होते. ते चर्च सुधारण्यापलीकडे गेलंय, सबब आम्ही वेगळे, असं ते म्हणत. दहा वर्षांनी, १६३० मध्ये, जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली त्याहून कितीतरी मोठा लोंढा बॉस्टनच्या परिसरात आला. हे प्युरिटन. यांनी फारकत घेतली नव्हती. आम्ही त्याच चर्चचे, फक्त बिशपांपासून आणि त्यांच्या कर्मकांडापासून दूर येऊन ते शुद्ध रूपात चालवणार, अशी यांची भूमिका. समुद्रापार एक आदर्श समाज उभारायचा आणि तो देवाशी केलेल्या कराराप्रमाणे चालवायचा. अशा समाजात पाखंड खपवून घेतलं तर देवाचा कोप सगळ्यांवर होणार, एकट्या पाखंड्यावर नाही. त्यामुळे रविवार पाळणं, चर्चला हजर राहणं, देवाची निंदा न करणं यांवर दंडाधिकाऱ्यानं नजर ठेवायची, हे त्यांना स्वाभाविक वाटे. १६३१ पासून मताचा हक्कही फक्त चर्चच्या सभासदांना ठेवला गेला. त्यांना हवी होती योग्य उपासना करण्याची मोकळीक. कोणीही कशीही उपासना करावी असं त्यांच्यापैकी कोणी कधी म्हटलंच नव्हतं. त्यांना ढोंगी ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. न दिलेलं वचन मोडता येत नाही.

विल्यम्स लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याचा मुलगा. पोरवयातच लघुलेखन शिकला आणि एडवर्ड कोक या गाजलेल्या न्यायाधीशाच्या नजरेत भरला. कोकसाठी तो स्टार चेंबर न्यायालयातली भाषणं टिपून घेई. सत्ता माणसाच्या मतांची चौकशी कशी करते, हे त्यानं अशा रीतीनं मिसरूड फुटायच्या वयात जवळून पाहिलं. पुढे केंब्रिज विद्यापीठ, पाद्रीपण, लग्न, आणि फेब्रुवारी १६३१ मध्ये बायकोसह बॉस्टन. विन्थ्रॉपनं रोजनिशीत त्याच्या येण्याची प्रेमानं नोंद केली आहे.

बॉस्टनच्या चर्चनं त्याला लगेच मानाची जागा देऊ केली. तरुण पाद्र्यासाठी यापेक्षा मोठं काय असणार? त्यानं ती नाकारली. तुम्ही इंग्लंडच्या चर्चपासून उघड फारकत घेतलेली नाही, म्हणून तुमच्या चर्चमध्ये मी काम करणार नाही, असं त्यानं सांगितलं.

या उत्तराकडे मी परत परत जातो. विल्यम्स म्हणजे मोकळ्या विचारांचा आणि समोरचे लोक म्हणजे कर्मठ, असं चित्र आपण रंगवतो. खरं उलटं होतं. त्याचं सोवळं त्यांच्यापेक्षा कितीतरी कडक होतं. प्युरिटनांना बिशपांचा विटाळ नको होता. याला तर बिशपांना न सोडणाऱ्या प्युरिटनांचाही नको होता. सेलमनं बोलावलं तेव्हा बॉस्टनहून दडपण आलं, म्हणून तो प्लिमथला गेला. तिथे दोनेक वर्षं काढली. तिथला गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानं त्याला देवभीरू आणि गुणी म्हटलं, पण बुद्धी अस्थिर असंही लिहून ठेवलं. प्लिमथचे फारकतवालेही त्याला पुरेसे शुद्ध वाटेनात, कारण ती मंडळी इंग्लंडला गेली की जुन्या चर्चमध्ये जाऊन बसत. १६३३ मध्ये तो सेलमला परतला.

खटल्यात गव्हर्नर जॉन हेन्झ यानं त्याच्यावरचे आरोप चार मुद्द्यांत मांडले. ते विल्यम्सनं पुढे स्वतःच नोंदवले आहेत आणि बरोबर मांडलेत असंही कबूल केलं आहे.

पहिला जमिनीचा. इंग्लंडच्या राजाला ही जमीन वाटण्याचा अधिकारच नव्हता, तिचे खरे मालक इथले मूलनिवासी आहेत आणि राजाच्या सनदेवर जमीन घेतल्याबद्दल वसाहतीनं पश्चात्ताप करायला हवा, असं त्याचं म्हणणं. त्यावर त्यानं एक लेखही लिहिला होता. आज आपल्याला हे रोखठोक न्याय्य वाटतं. पण कोर्टाच्या जागी बसून पाहा. १६३४ मध्ये राजानं आर्चबिशप लॉड याच्या हाताखाली वसाहतींवर देखरेखीसाठी आयोग नेमला होता. लॉड प्युरिटनांचा हाडवैरी. सनद रद्द होण्याची टांगती तलवार होती आणि बॉस्टनच्या बंदरात तटबंदीची तयारी चालू होती. त्याच वर्षी सेलमच्याच जॉन एंडिकॉटनं क्रूस म्हणजे पोपचं चिन्ह म्हणून सरकारी निशाणातून तो कापून काढला होता. अशा वेळी आपलाच पाद्री सनद अवैध म्हणतोय ही बातमी लंडनला पोचली तर? ही भीती खरी होती.

दुसरा मुद्दा शपथेचा. राजाची धास्ती वाढल्यावर वसाहतीनं सगळ्या रहिवाशांकडून निष्ठेची शपथ घ्यायचं ठरवलं. विल्यम्स म्हणाला, शपथ म्हणजे देवाला साक्षी ठेवणं, म्हणजेच उपासना, आणि अश्रद्ध माणसाकडून जबरदस्तीनं उपासना करून घेणं हे पाप आहे. त्याला समजवायला टॉमस हुकर या नामांकित धर्मोपदेशकाला नेमलं होतं. हुकरनं त्याला तर्कानं कोंडीत पकडल्याची हकीकत जॉन कॉटन या पाद्र्यानं पुढे लिहिली. अश्रद्धाला प्रार्थना करायला सांगणं पाप असेल तर तुझ्या अजून देवाकडे न वळलेल्या मुलानं जेवणाआधी आभार मानणंही पाप. आभार न मानता जेवणं हेही पापच. म्हणजे तू पोराला जेवायला ये म्हणूच शकत नाहीस! कॉटन म्हणतो की यावर विल्यम्स गप्प बसला. गप्प बसला, पण मत बदललं नाही.

तिसरा मुद्दा इंग्लंडमधल्या चर्चमध्ये जाऊन प्रवचन ऐकणंसुद्धा निषिद्ध, हा.

चौथा मुद्दा सगळ्यात खोल जाणारा. दंडाधिकाऱ्याची सत्ता माणसाच्या देहावर, मालमत्तेवर आणि बाहेरच्या व्यवहारावर चालते, त्यापुढे नाही. दहा आज्ञांपैकी पहिल्या चार माणूस आणि देव यांच्यातल्या, उरलेल्या माणसामाणसांतल्या. खून, चोरी, खोटी साक्ष यांचा न्याय सरकारनं करावा. मूर्तिपूजा, देवनिंदा, शब्बाथभंग यांत सरकारनं हात घालू नये.

हे चारही एकाच मुळातून आलेले आहेत असं मी मानतो. विल्यम्सला सरकारचं रक्षण धर्मापासून करायचं नव्हतं. धर्माला सरकारचा हात लागला की धर्म बाटतो, ही त्याची धास्ती होती. दंडाच्या भीतीनं चर्चमध्ये बसलेला माणूस देवाला फसवतो आणि त्याला तिथे बसवणारा त्या फसवणुकीत भागीदार होतो. पुढे त्यानं चर्चला बागेची आणि जगाला रानाची उपमा दिली. दोहोंमधलं कुंपण पडलं की बागेचंच रान होतं, असं तो म्हणाला.

निकाल लागण्याआधी जे घडलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत वाईट वाटतं. सेलमनं मार्बलहेड नेक या टापूतल्या जमिनीवर हक्क सांगून कोर्टाकडे अर्ज केला होता. सेलमच्या चर्चनं विल्यम्सला पाद्री केलं म्हणून कोर्टानं तो अर्ज अडकवून ठेवला. सेलमच्या चर्चनं इतर चर्चना तक्रारीची पत्रं पाठवली, तर सेलमच्या प्रतिनिधींना कोर्टात बसू दिलं नाही. म्हणजे आधी गावाला जमीन दाखवून पाद्र्यापासून फोडलं आणि मग पाद्र्याला एकटा गाठला. चौथ्या मुद्द्याचा याहून मोठा पुरावा विल्यम्सलाही देता आला नसता. त्यानं काय केलं? चिडून सेलमच्या चर्चला कळवलं, की बाकीच्या सगळ्या चर्चशी संबंध तोडा, नाहीतर मी तुमच्याशी तोडतो. गाव वाकलं. खटल्याच्या दिवशी त्याच्या पाठीशी फारसं कोणी उरलं नव्हतं.

तब्येत बिघडल्यानं आणि हिवाळा तोंडावर आल्यानं त्याला वसंतापर्यंत मुदत मिळाली. अट एकच, मतांचा प्रचार करायचा नाही. घरी येणाऱ्यांशी तो बोलत राहिला. जानेवारी १६३६ मध्ये कोर्टानं त्याला जहाजात घालून इंग्लंडला पाठवायचं ठरवलं आणि कॅप्टन जॉन अंडरहिलला धाडलं. अंडरहिल पोचला तेव्हा पक्षी उडून तीन दिवस झाले होते. विल्यम्सला आधीच सावध केलं होतं, आणि नॅरागॅन्सेट उपसागराकडे जा असं गुप्तपणे कळवणारा माणूस होता खुद्द जॉन विन्थ्रॉप. हद्दपारी विन्थ्रॉपला मान्य होती. तरी या माणसाला लॉडच्या तावडीत देणं त्याला मान्य नव्हतं. त्या दोघांचा पत्रव्यवहार पुढे विन्थ्रॉपच्या मरणापर्यंत चालू राहिला. विरोधकाशी असं वागणं मला फार मोठं वाटतं, आणि विन्थ्रॉपला नुसता खलनायक करणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

चौदा आठवडे ऐन थंडीत भाकरी आणि बिछाना म्हणजे काय ते कळलं नाही, असं विल्यम्सनं म्हातारपणी लिहिलं. तो जगला मूलनिवाशांच्या आसऱ्यानं. त्यांची भाषा तो प्लिमथपासूनच शिकत होता, त्यांच्या धुरकट झोपड्यांत राहून. आधी त्यानं सीकॉन्क नदीच्या पूर्वेला बी पेरलं. प्लिमथच्या गव्हर्नरनं, एडवर्ड विन्स्लोनं, निरोप पाठवला: ही जागा आमच्या हद्दीत येते आणि बॉस्टनवाल्यांना दुखवणं आम्हाला नको, तेवढी नदी ओलांडून पलीकडे जा. पेरलेलं तसंच टाकून तो चारपाच सोबत्यांसह पलीकडे गेला. नॅरागॅन्सेटांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मिआंटोनोमी यांनी जागा दिली. पैशानं ही जमीन मिळाली नसती, प्रेमानं मिळाली, असं तो सांगत असे. वस्तीचं नाव ठेवलं प्रॉव्हिडन्स, देवाची कृपादृष्टी.

वस्तीचा करार अगदी छोटा आहे. बहुमतानं झालेले निर्णय आम्ही पाळू, पण 'फक्त नागरी बाबतीत'. देवाचं नावही त्यात नाही. त्या काळातल्या वसाहतींचे करारमदार देवाच्या नावानं सुरू होत, ते लक्षात घेतलं की या तीन शब्दांचं वजन कळतं.

या शब्दांची पहिली कसोटी शेजारच्याच घरात लागली. जोशुआ व्हेरिन हा विल्यम्सबरोबर आलेल्या पहिल्या सोबत्यांपैकी एक, राहायलाही अगदी शेजारी. त्याची बायको जेन विल्यम्सच्या घरी प्रार्थनेला येई. व्हेरिननं जाणं थांबवलं होतं, आणि बायकोनंही जाऊ नये म्हणून तो तिला मारहाण करू लागला. मे १६३८ मध्ये गावाच्या सभेत हा विषय आला. विल्यम आर्नोल्डनं व्हेरिनची बाजू घेतली: बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं हीसुद्धा देवाचीच आज्ञा, मग तिला अडवणं हा त्याच्या विवेकाचाच भाग नाही का? जॉन ग्रीननं उत्तर दिलं, बायकांना असं अडवू लागलो तर देशातल्या सगळ्या बायका आपल्या नावानं ओरडतील. सभेनं ठरवलं, की व्हेरिननं विवेकाच्या स्वातंत्र्याचा करार मोडला आहे, तो आपलं वागणं बदलेपर्यंत त्याला मताचा हक्क नाही.

आर्नोल्डचा युक्तिवाद चलाख आहे, आणि आजही तो रोज ऐकू येतो. माझ्या धर्मात दुसऱ्याला अडवणं बसतं, म्हणून मला अडवू द्या. प्रॉव्हिडन्सच्या मूठभर शेतकऱ्यांनी तो नाकारला. १६३८ मध्ये, घराच्या उंबऱ्याच्या आत, एका बाईच्या बाजूनं. तिला मत नव्हतं आणि सभेत बोलायची जागाही नव्हती, तरी तिचा विवेक तिचा आहे एवढं त्यांनी मान्य केलं. जेन मात्र सुटली नाही. व्हेरिन चिडून तिला घेऊन सेलमला परत गेला.

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात, आणि धागा अगदी ओढूनताणून आणलेला नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या पाद्र्यांना, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना, फेब्रुवारी १८१२ मध्ये दीक्षा मिळाली ती याच सेलममध्ये, त्या जुन्या प्युरिटन परंपरेतल्याच चर्चमध्ये. पुढच्या वर्षी ते मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायला सांगितलं होतं. गव्हर्नर नेपियनपुढे विनवण्या करून ते टिकले. त्याच मिशनशी नारायण वामन टिळकांचं नातं जडलं. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. ताटातूट झाली, हाल झाले, पण त्या आपल्या वाटेनं, आपल्या वेळेला, काही वर्षांनी तिथे पोचल्या. व्हेरिनच्या घरी जे जेनला मिळालं नाही, ते हेच.

विल्यम्सच्या सोवळ्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. प्रॉव्हिडन्समध्ये त्यानं बाप्तिस्माही नव्यानं घेतला, आणि काही महिन्यांत तेही चर्च सोडलं. विन्थ्रॉप लिहितो, की शुद्धता शोधता शोधता शेवटी प्रभुभोजनाला त्याला बायकोशिवाय दुसरं कोणी चालेना, आणि मग तो एकदम कोणाहीबरोबर प्रार्थना करायला तयार झाला. या जगात पूर्ण शुद्ध चर्च उरलेलंच नाही, असं त्याचं मत झालं. मग शुद्धतेच्या नावानं कोणाला बाहेर ठेवायचं? सोवळं शेवटाला नेलं आणि ते गळून पडलं.

१६४३ मध्ये तो लंडनला गेला आणि १६४४ मध्ये वसाहतीसाठी सनद घेऊन आला. बॉस्टनच्या बंदरातून निघायला बंदी होती, म्हणून डचांच्या न्यू ॲमस्टरडॅमहून जहाज पकडावं लागलं. त्याच वर्षी विवेकावरच्या जुलमाविरुद्ध त्यानं लिहिलेलं पुस्तक पार्लमेंटच्या हुकुमानं जाळलं गेलं. पुढे १६६३ मध्ये जॉन क्लार्कनं दुसऱ्या चार्ल्सकडून नवी सनद मिळवली. धर्मविषयक मतभेदासाठी कोणाचाही छळ, शिक्षा किंवा चौकशी होणार नाही, असं तिच्यात स्पष्ट आहे. प्रॉव्हिडन्स आणि आसपासच्या वस्त्या मिळून झालेल्या ऱ्होड आयलंड वसाहतीचा कारभार तिच्यावर १८४३ पर्यंत चालला.

अराजकाचा आरोप त्याच्यावर सतत होई. जानेवारी १६५५ मध्ये गावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं जहाजाचा दाखला दिला. एकाच जहाजात कॅथलिक, प्रोटेस्टंट, यहुदी आणि मुसलमान आहेत. कप्तानाच्या प्रार्थनेला यायची सक्ती कोणावर नाही, आपापली प्रार्थना करायला आडकाठीही नाही. पण भाडं देणं, जहाज राखणं, कप्तानाचा जहाजापुरता हुकूम मानणं यांतून कोणाला सूट नाही. बंड केलं तर शिक्षा.

क्वेकर या नव्या ख्रिस्ती पंथाचे लोक आले तेव्हा हे खरं करून दाखवावं लागलं. मॅसॅच्युसेट्सनं त्यांना हद्दपार केलं, फटके मारले, कान कापले, आणि १ जून १६६० रोजी बॉस्टनमध्ये मेरी डायरला फाशी दिलं. ऱ्होड आयलंडनं त्यांना हाकलायला नकार दिला. विल्यम्सला क्वेकरांची शिकवण मनापासून खटकत असे. १६७२ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो दिवसभर होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी तीन दिवस कडाडून वाद घातला. वाद घातला आणि परत वल्हवत घरी आला. कोणाला अडवायची मागणी केली नाही.

चारपैकी चौथा मुद्दा तो असा आयुष्यभर जगला. पहिला मात्र नाही. १६७५ मध्ये मूलनिवासी आणि इंग्रज यांच्यात मोठं युद्ध पेटलं. प्लिमथ, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या फौजांनी दलदलीतल्या नॅरागॅन्सेट गढीवर हल्ला करून बायकामुलांसकट शेकडो माणसं मारली. मार्च १६७६ मध्ये नॅरागॅन्सेटांनी प्रॉव्हिडन्स जाळलं, त्यात विल्यम्सचं घरही गेलं. त्याच ऑगस्टमध्ये गावानं पकडलेल्या मूलनिवाशांचं काय करायचं हे ठरवायला एक समिती नेमली. कोणी किती वर्षं वेठीनं राबायचं ते वयावरून ठरलं: पाच वर्षांखालच्या मुलांनी तिशीपर्यंत, तीस वर्षांवरच्यांनी सात वर्षं. त्यांना विकून आलेला पैसा गावकऱ्यांत वाटला गेला. ज्यांच्या झोपडीत त्यानं १६३६ चा हिवाळा काढला, त्यांचीच ही मुलंनातवंडं. समितीच्या कागदावर रॉजर विल्यम्सची सही आहे.